लाल दोऱ्याचा आठवा भाग

"अहो, पाप आहे हे," जोगळेकर वकील म्हणाले. "पुस्तक कापतं का कुणी?"

"मग तुमी एका हातानं धरून दाखवा," रियाज म्हणाला आणि त्यानं पुस्तकाच्या पाठीत ब्लेड घातलं.

पुस्तक होतंच तसं. आठशेच्या वर पानं, उशीला घ्यावं एवढं जाड. रियाजला ते मेहुण्याच्या रद्दीच्या दुकानात सापडलं होतं. वरचं कव्हर नव्हतं, आतलं नावाचं पानही नव्हतं, त्यामुळे ते कुणी लिहिलं आणि त्याचं नाव काय हे आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही त्याला 'जिनिंग' म्हणायचो. जिनिंग मिलच्या मालकाचा, दादासाहेबांचा, कापसाच्या गोदामात खून होतो. गोदामाला आतून कडी. आत एकटे दादासाहेब, आणि बाहेर संशय घ्यायला दिवाणजी, धाकटी सून, पुतण्या, डॉक्टर असं सगळं गणगोत.

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आम्ही चौघं डायलिसिसला एकाच पाळीला असायचो, मंगळवारी आणि शनिवारी सकाळी. हातात दोन सुया असायच्या. एकीतून रक्त मशीनमध्ये जायचं, दुसरीतून साफ होऊन परत यायचं. चार तास तो हात हलवायचा नाही. राहिलेल्या एका हातानं असलं धूड धरणार कसं आणि पान उलटणार कसं? म्हणून रियाजनं त्याचे आठ भाग केले. तो रिक्षांच्या सीटा आणि हुड शिवायचा, त्यामुळे दाभण, दोरा सगळं घरचंच. सात भाग त्यानं काळ्या दोऱ्यानं शिवले. आठव्याला काळा दोरा संपला म्हणून सीटचा लाल दोरा वापरला, आणि गाठ मारून त्याचं लांब टोक तसंच लोंबतं ठेवलं.

"वाचताना खूण घालायला," तो म्हणाला.

वाचायचा क्रम ठरला. आधी मी, कारण मी शाळेत शिकवायचे आणि माझं वाचन भराभर व्हायचं. मग वकील, मग रियाज आणि शेवटी मगदूम आण्णा. जो पुढं वाचेल त्यानं मागच्याला काही सांगायचं नाही, हा एकच नियम होता.

आण्णांची खुर्ची माझ्या शेजारी, खिडकीकडची. बाळगोंडा मगदूम. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म काढलेला माणूस. डायलिसिसच्या आधी आणि नंतर आमचं वजन करायचे, अंगात किती पाणी साठलंय ते बघायला. आण्णा काट्यावर उभे राहताना दर वेळी म्हणायचे, "हितनं तितनं उसाच्या गाड्या तोलल्या, आता माझीच गाडी लागली काट्याला." हंगाम सुरू होता. खिडकीखालच्या रस्त्यावरून ट्रॉल्या जायच्या आणि आण्णा नुसत्या नजरेनं वजन सांगायचे. ते खरं की खोटं, हे कोण बघायला जाणार? पण ऐकायला बरं वाटायचं.

आण्णा ओठ हलवत वाचायचे. एकेक पान बराच वेळ चालायचं.

"धाकल्या सुनंनं केलेला न्हाई ह्यो खून," एकदा ते मला म्हणाले.

"कशावरून?"

"ती दुसऱ्याच्या ताटात आधी वाढती. आसली बाई खून करती व्हय?"

"आण्णा, वाढते म्हणूनच विष घालायला सोपं," पलीकडून रियाज म्हणाला.

"तू गप रं. तुझा भाग झालाय, तू बोलायचं न्हाईस."

मतं पहिल्या भागापासूनच फुटली होती. वकिलांना ते पुस्तक अजिबात पटत नव्हतं. "चारशे पानांत झालं असतं हे. आणि पंचनामा कुठाय? माणूस मेलाय, आणि हवालदार चहा पिऊन निघून जातो!" पण पुढचा भाग हातात पडायला उशीर झाला की सगळ्यात आधी तेच चिडायचे. रियाजचं उलटं. त्याला सगळंच आवडायचं. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं आणि हा दुकानात 'दिवाणजीला मागनं कुणीतरी धरलंय' म्हणून भाग संपवतोय. मला सुरुवात आवडली, मधे कंटाळा आला, मग पुन्हा रात्रीचं जेवण बाजूला ठेवून वाचलं.

आमच्या समोरच्या खुर्चीवर तेजू नावाची कॉलेजातली मुलगी असायची. तिला पुस्तक नको असायचं, ती कानात गाणी घालून बसायची. दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी ती आली नाही. शनिवारी तिच्या खुर्चीचं रेक्झिन पुसून काढलं होतं आणि तिथं दुसरंच कुणी बसलं होतं. त्या दिवशी माझं ब्लडप्रेशर इतकं चढलं, की मशीन मधेच थांबवावं लागलं.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. आई मला किडनी देणार होती. तपासण्या, कागद, कमिटीची परवानगी यांत महिने चालले होते. तारीख काही लागत नव्हती.

आठवा भाग मी सगळ्यांच्या आधी संपवला. त्यात काय होतं ते आत्ता सांगत नाही, आण्णांनाही सांगितलं नव्हतं. वकिलांचा वाचून झाला त्या दिवशी त्यांनी तो भाग मांडीवर आपटला.

"फसवणूक! चारशे वीस लावलं पाहिजे लिहिणाऱ्यावर!"

पुढच्या खेपेला रियाजनं तोच भाग कपाळाला लावला. "वकीलसाहेब, ह्याला म्हणत्यात शेवट. अंगावर काटा आला माझ्या."

"तुझ्या अंगावर मशीनच्या गारठ्यानं आला असेल."

"गप्प बसा रे दोघंबी!" आण्णांनी मोकळ्या हातानं एक कान झाकला. दुसरा झाकायला हात नव्हता. आम्ही सगळे हसलो, आण्णाही हसले.

"एक मत विरुद्ध, एक बाजूनं," वकील म्हणाले. "खोतबाई, तुमचं?"

"आण्णांचं झालं की देते," मी म्हणाले.

त्याच दिवशी आण्णांच्या हाताला सुया लागेनात. शिरा आत गेल्या होत्या. तीनदा टोचून झालं, हात निळाकाळा पडला, तेव्हा कुठं मशीन सुरू झालं. थोड्या वेळानं ते माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "बाई, ह्यो शेवटचा भाग झाला की मी यायचं बंद करणार हाय."

"दुसऱ्या दवाखान्यात जाताय?"

"न्हाई. घरी."

डायलिसिस थांबवलं की माणूस थोड्याच दिवसांचा. मला कळलं, तरी मी विचारलं, "घरी म्हणजे?"

"घरी म्हंजे घरी. ठरलंय माझं. डॉक्टरास्नी बी सांगितलंय. ते म्हणाले, इचार करा. केला की इचार. सत्तरी झाली, पोरं मार्गी लागली. आता ह्या सुया सोसत न्हाईत." मग थोडं हसून म्हणाले, "तेवढा खुनी कळू दे. मधेच सोडून जायला बरं वाटत न्हाई."

मशीन निघाल्यावर मी रियाजला बाहेर व्हरांड्यात गाठलं. "तो आठवा भाग माझ्याकडे दे."

"आता आण्णाचा नंबर हाय की."

मी त्याला सगळं सांगितलं. पिशवीतून भाग काढून त्यानं माझ्या हातात ठेवला.

"आण्णास्नी काय सांगू?"

"हरवला म्हणून सांग."

म्हणजे हरवल्याचं खापरही मी त्याच्याच डोक्यावर फोडलं. हे तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. मी मोठ्या पुण्याचं काम करतेय अशाच तोऱ्यात होते.

पुढं दर मंगळवारी आणि शनिवारी तेच.

"घावला का रं?"

"न्हाई आण्णा."

"रिक्षाच्या सीटंखाली बघितलास?"

"बघितलं आण्णा."

"सीटंत शिवून टाकला आसंल लेका तू! उसव की एकेक."

वकिलांनी एकदा सांगून बघितलं, "मगदूम, ऐका, मी तोंडी सांगतो. दोन वाक्यांत होतं. त्याची तेवढीही लायकी नाही."

"नगं. सांगितलेलं नगं. वाचूनच कळाय पायजे."

मी मान खाली घालून डबा उघडायचे. भाग माझ्या पिशवीत, डब्याच्या शेजारीच असायचा. घरी ठेवला तर कुणी रद्दीत घालेल अशी भीती वाटायची. आणि खरं सांगायचं तर, कधीतरी एकदम द्यावासा वाटला तर जवळ असावा, असंही वाटायचं. पण द्यावासा वाटला की मी समोरच्या, तेजूच्या खुर्चीकडं बघायचे आणि पिशवीची चेन ओढून घ्यायचे.

संक्रांतीच्या आधी रियाजनं मला थांबवलं. "बाई, बास झालं. त्यांच्या हाताकडं बघवत न्हाई मला."

"अजून थोडे दिवस, रियाज. त्यांचं मन फिरेल."

"त्यांचं मन फिरंल का तुमचं?"

मला राग आला. मी त्याच्याशी दोन खेपा धड बोलले नाही.

मग तो शनिवार आला. आण्णांच्या अंगात पाणी फार साठलं होतं. मशीननं ते ओढायला सुरुवात केली आणि तासाभरात त्यांच्या दोन्ही पायांत पेटके आले. एवढा दांडगा माणूस, लहान मुलासारखा "आई गं, आई गं" करून ओरडायला लागला. टेक्निशियन धावला, मशीनचा वेग कमी केला, सलाईन सोडलं, आया पाय चोळत बसली. मी शेजारच्याच खुर्चीत, सुया टोचलेली, उठताही येत नव्हतं. पिशवी माझ्या पायाशी होती. आण्णांचं तोंड माझ्याकडं होतं, आणि डोळे गच्च मिटलेले.

त्या दिवशी सुद्धा मी तो भाग दिला नाही.

बाहेर पद्माकाकू, आण्णांची बायको, बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "बाई, कशाला येत्यात हो हे अजून? घरात सगळ्यांशी बोलून झालं. मी बी मन घट्ट केलंय. तरी म्हणत्यात, एक काम ऱ्हायलंय. कसलं काम इचारलं तर म्हणत्यात, पुस्तक वाचायचं ऱ्हायलंय. पुस्तकासाठी कोण एवढं सोसतं का?"

मी म्हणाले, "काकू, येतील तेवढे दिवस चांगलेच की."

काकूंनी माझा हात सोडला. "कुणाला चांगलं?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. मी रिक्षा थांबलीय म्हणून तिथून सटकले.

पंधरा दिवसांनी माझी तारीख लागली. पुण्याला ऑपरेशन. मंजुरी आली, आईचं सगळं जुळलं. मंगळवारी मी पेढे घेऊन गेले. खाणारे कमीच, कारण निम्म्यांना साखर. आण्णांनी पेढ्याचा कणभर तुकडा तोंडात टाकला.

"तारीख पक्की?"

"पक्की, आण्णा."

"आता फिरणार न्हाई न्हवं?"

"नाही. कागदावर आलीय."

"ब्येस झालं," ते म्हणाले आणि खिडकीकडं तोंड करून पडून राहिले. खाली उसाची ट्रॉली चालली होती. तिचं वजन त्यांनी सांगितलं नाही. भाग सापडला का, हेही त्या दिवशी विचारलं नाही.

शनिवारी त्यांची खुर्ची मोकळी होती. पुढच्या मंगळवारीही मोकळीच होती. चौकशी केली तर नर्स म्हणाली, "त्यांनी बंद केलंय." मशीन निघाल्याबरोबर मी रियाजला म्हणाले, "रिक्षा काढ. डिग्रजला जायचंय, आण्णांच्या घरी."

रियाजनं आपली जुनी रिक्षा काढली आणि सरळ डिग्रजची वाट धरली.

आण्णा बाहेरच्या खोलीत कॉटवर तक्क्यांना टेकून बसले होते. तोंड सुजलेलं, श्वास लागलेला. मला बघून त्यांना आनंद झाला हे कळत होतं, आणि त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पिशवीतून तो भाग काढला. काकूंनी तो पाहिला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

"वाचा," आण्णा म्हणाले. "माझ्यानं धरवत न्हाई."

मी वाचायला लागले. मधेमधे ते डोळे मिटायचे. मी थांबले की म्हणायचे, "जागा हाय मी." रियाज उंबऱ्यावर बसला होता. शंभर पानं सगळी वाचणं शक्यच नव्हतं. आण्णांनीच सांगितलं, "वर्णनं सोडा, माणसं बोलत्यात तेवढं वाचा." असं करत करत शेवटच्या प्रसंगावर आले. सगळे गोदामात जमलेत. दिवे जातात, येतात, आणि दारात दादासाहेब उभे असतात. ते दादासाहेब नसतातच, तो असतो त्यांचा जुळा भाऊ. खून त्यानं केलेला असतो. मी शेवटचं वाक्य वाचलं आणि भाग मिटला.

"जुळा भाऊ?" आण्णा म्हणाले.

"हो."

"आधी कुठं हुता?"

"रंगूनला."

"रंगूनला!" त्यांना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला. काकू धावत येऊन पाठ चोळायला लागल्या. खोकला थांबल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "आन् आतनं कडी लागलेली, ती कशी?"

"ते सांगितलंच नाही लेखकानं."

"वा रं वा."

मी तो भाग कॉटवर ठेवला. मग मी म्हणाले, "आण्णा, हा भाग हरवला नव्हता. रियाजची काही चूक नाही. माझ्याकडे होता."

"ठावं हाय."

मी रियाजकडं बघितलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"त्यो कशाला सांगतोय," आण्णा म्हणाले. "तुमच्या पिशवीतनं लाल दोरा लोंबत हुता, डब्याच्या शेजारी. पयल्याच दिवशी दिसला."

"मग मागितला का नाही तुम्ही?"

ते बराच वेळ श्वास घेत राहिले. "ती समोरची पोरगी गेली," ते म्हणाले, "तवा तुमची दशा काय झाली ती बघितली की मी. मशीन बंद करावं लागलं. आन् शेजारची खुर्ची मोकळी झाली आसती तर? म्हटलं, हिची तारीख लागू दे. मग बघू आपलं."

मी त्यांना जगवतेय असं मला वाटत होतं, आणि माझं ते भ्यालेलं तोंड बघून हा माणूस दर खेपेला सुयांसाठी हात पुढं करत होता.

"सोपं न्हवतं, बाई," आण्णा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पेटके आलं त्या दिवशी लई शिव्या घातल्या तुमास्नी, मनात. वाटलं, पिशवीत हात घालून भाग वढावा आन् सगळ्यांदेखत वाचावा."

"मला माफ करा, आण्णा."

"ह्या आसल्या भिकार शेवटासाठी थांबलो आसतो, तर केलं नसतं माफ." ते पुन्हा हसले. या वेळी खोकला येऊ नये म्हणून जपून हसले. "जुळा भाऊ! रंगूनला! बाई, त्या वकिलाला सांगा, त्याचं बरोबर हुतं म्हणून. पर मोठ्यानं सांगू नगा, लई फुगतंय ते."

"आण्णा, मला तर आवडला," उंबऱ्यावरून रियाज म्हणाला.

"तुला काय, तुला सगळंच आवडतंय. लेका, तुला उगंच बोललो रं इतके दिवस. ठावं आसून बोललो. न्हाईतर बाईस्नी कळलं आसतं."

निघताना काकू दारापर्यंत आल्या. त्यांनी मला कुंकू लावलं, ऑपरेशन नीट होऊ दे म्हणाल्या. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमत झाली नाही.

आण्णा त्याच आठवड्यात गेले.

शनिवारी मी वकिलांना निरोप सांगितला, हळूच, आण्णांनी सांगितला तसा. वाटलं होतं, फुगतील. ते म्हणाले, "म्हणजे दोन विरुद्ध एक," आणि त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली. मशीन संपेपर्यंत ती काढली नाही. रियाजनं विचारलं, "बाई, तुमचं मत ऱ्हायलं." मी म्हणाले, नंतर देते.

ऑपरेशन चांगलं झालं. आईची किडनी अजून साथ देतेय. आता मी निवृत्त झाले आहे, तेव्हा घोटघोट मोजून प्यावं लागायचं ते पाणी हवं तेवढं पिते, आणि दर वेळी पिताना आण्णा आठवतात असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण हंगाम सुरू झाला, उसाची ट्रॉली समोरून गेली, की मी रस्त्यातच थांबते.

पुस्तकाचे आठही भाग रियाजनं मलाच देऊन टाकले. मधे माझ्या भाचीनं ते कपाटात पाहिले आणि विचारलं, "मावशी, कसं आहे गं हे? वाचू का?"

मी तिला सांगितलं, सुरुवात छान आहे, मधे लांबलंय, शेवट अगदीच फसलाय. इतक्या वर्षांनी माझं मत दिलं. ती म्हणाली, मग कशाला ठेवलंयस? मी तिच्या हातून तो लाल दोऱ्याचा भाग काढून घेतला आणि जागेवर ठेवला. आता त्यातलं पान न् पान मला पाठ आहे. वाईटच आहे ते. पण तो भाग वाचायची पाळी आण्णांची होती, आणि मी तो पिशवीत घालून त्यांच्या शेजारी बसून राहिले होते.